ग्लासगोतला शुक्रवार

ठोसर सरांना घरून ‘येताना दूध घेऊन या’ असा फोन आला, तर ते सरळ ‘बरं’ म्हणत नसत. ते विचारत, “कधीपर्यंत हवंय? आणि दुधावाचून पुढचं काय काय अडलंय?” पलीकडे अलकाकाकू फोन आपटत. तो आवाज मला माझ्या खुर्चीत ऐकू यायचा. सर रिसीव्हर हळूच जागेवर ठेवत आणि म्हणत, “बघ मीनल, काम सांगणाऱ्याला मुदत कधीच सांगता येत नाही.” आणि संध्याकाळी दूध विसरून घरी जात.

अबुधाबीत तेलकंपन्यांची कामं घेणाऱ्या एका कंत्राटदाराकडे आम्ही दोघं प्लॅनिंगमध्ये होतो. सर खात्याचे प्रमुख, आणि खातं म्हणजे मी. नव्वदीचं दशक सरत आलं होतं. लग्न करून मी पुण्याहून आले होते, हातात इंजिनिअरिंगची डिग्री आणि तोंडात जीभ जरा जास्तच. प्लॅनिंग म्हणजे कुठलं काम आधी, कुठलं मागून, कशाला किती दिवस, हे सगळं मोठ्या कागदावर आडव्या पट्ट्यांनी दाखवायचं. कागद टेबलाएवढा. तो कॉम्प्युटर छापून द्यायचा, पण सरांचा काही त्या कॉम्प्युटरवर विश्वास बसला नव्हता. छापील कागदावर ते पुन्हा रंगीत पेन्सिली घेऊन बसायचे. ठरवलेलं काम निळ्या पट्टीत, आणि तिच्या खाली प्रत्यक्षात झालेलं काम लाल पट्टीत. निळ्याखाली लाल बरोब्बर आलं की स्वारी खूष, चहाबरोबर एक बिस्कीट जास्त.

बाहेर रस्त्यावरचं डांबर वितळायची वेळ आलेली असायची आणि सर ऑफिसात काकूंनी विणलेला बिनबाह्यांचा राखाडी स्वेटर घालून बसलेले. “एसीनं हाडं गारठतात,” म्हणायचे. मी म्हणायचे, “सर, तुम्ही चुकीच्या देशात नोकरी धरलीत.” त्यावर ते नुसते हसत. हसले की त्यांचा चष्मा नाकावरून घसरायचा आणि तो वर करायला ते पेन्सिलीचं मागचं टोक वापरायचे. कपाळावर कायम एक निळा नाहीतर लाल ठिपका.

माझी पहिली चूक त्यांनी कशी पकडली ते सांगते, म्हणजे माणूस कळेल. एका कामाचा प्लॅन मी झोकात करून दिला. सरांनी तो दिव्याखाली धरला आणि म्हणाले, “शुक्रवारी क्रेन लावलीस.”

“हो सर. शनिवारपर्यंत पाइप चढायला हवेत ना.”

“शुक्रवारी क्रेनवाला नमाजाला जातो, घरी येऊन बिर्याणी खातो आणि झोपतो. तुझ्या कागदावर मात्र तो बिचारा उन्हात पाइप उचलतोय.” मग चष्मा वर करून म्हणाले, “पुण्याचा रविवार घेऊन आलीस ना डोक्यात? इथे गुरुवार-शुक्रवार सुट्टी. शनिवारी आठवडा सुरू. कुठलाही प्लॅन करताना सगळ्यात आधी काय बघायचं? कॅलेंडर. आधी कॅलेंडर, मग अक्कल.”

‘आधी कॅलेंडर, मग अक्कल’ हे त्यानंतर मी इतक्या वेळा ऐकलं की घरी नवऱ्याला भाजी आणायला पाठवतानासुद्धा तेच म्हणायला लागले.

त्यांचा दुसरा मंत्र म्हणजे फ्लोट. आमच्या धंद्यात कामांच्या मधल्या मोकळ्या वेळाला फ्लोट म्हणतात. हा मोकळा वेळ दिसला की वरिष्ठांना तो कापावासा वाटतो. सर कापू देत नसत. मोठ्या मीटिंगमध्ये, सगळे सुटाबुटातले बसलेले असताना, त्यांनी एकदा इंग्रजीत सांगितलं होतं, “माझी बायको डब्यात आमटी काठोकाठ भरते. ती रोज पिशवीत सांडते. मी रोज सांगतो, बोटभर जागा ठेव. तुम्हालाही तेच सांगतोय.” कुणाला काय कळलं देव जाणे, पण फ्लोट वाचला.

आम्हा मराठी मंडळींची अल ऐनला सहल निघायची तेव्हा प्लॅन सरांचाच. त्यात ‘मुलांची शू’ अशीसुद्धा एक पट्टी असायची, वर फ्लोटसकट. बायका फिदीफिदी हसायच्या. पण एकदा वाळवंटात बसचं टायर फुटलं, चांगला वेळ गेला, आणि तरीही आम्ही किल्ला बघून, पुऱ्या-बटाटा खाऊन, ठरल्या वेळी परत आलो. त्या दिवशी पहिल्यांदा सगळ्यांनी सरांसाठी टाळ्या वाजवल्या. सर लाजून बसच्या मागे जाऊन उभे राहिले.

तर असा हा माणूस. सगळ्या गोष्टींचा प्लॅन. फक्त स्वतःच्या पोटच्या पोरीपुढे त्याचा प्लॅन ढासळला होता, आणि हे सगळ्या ऑफिसला ठाऊक होतं.

केतकी त्यांची एकुलती एक. इथेच वाढलेली. मराठी समजायची सगळं, उत्तर मात्र इंग्रजीत. सरांनी तिला पुण्याला इंजिनिअरिंगला घातलं. दोन वर्षं तिने काढली आणि एका सुट्टीत येऊन सांगितलं की बस्स, खलास, आता मी जुनी वस्त्रं जपायचं शिकणार. शेकडो वर्षांपूर्वीच्या शाली, झेंडे, अंगरखे असतात ना म्युझियममध्ये, ते स्वच्छ करायचे, विरलेले धागे सावरायचे, त्याचं म्हणे शास्त्र असतं. ग्लासगोच्या एका कॉलेजात तिने स्कॉलरशिपसुद्धा मिळवून ठेवली होती, बापाला न विचारता. सर म्हणाले, “चिंध्या शिवायला इंजिनिअरिंग सोडतेस?” ती म्हणाली, “यस.” शब्दाला शब्द वाढला. एअरपोर्टवर निरोपाच्या वेळी सर बोलून गेले, “तू बोलावल्याशिवाय तुझ्या दारात पाऊल ठेवणार नाही.” केतकी म्हणाली, “फाइन,” आणि पाठ फिरवून आत गेली. जशी बी तसं झाड.

दोघांचं बोलणं तेव्हापासून बंद. दर शुक्रवारी सकाळी काकू ग्लासगोला फोन लावायच्या. मी पुष्कळदा तिथेच असायचे, शुक्रवारचा नाश्ता आमचा त्यांच्याकडे ठरलेला. काकू बोलत असेपर्यंत सर सोफ्यावर पेपर उघडून बसायचे. पान उलटत नसत. फोन ठेवला की पेपराच्या आडून प्रश्न यायचा, “काय म्हणतात ग्लासगोची मंडळी? पाऊस आहे का?” काकू म्हणायच्या, “स्वतः विचारा की.” मग पान उलटायचा आवाज.

खरं सांगते, मला त्यांचा राग यायचा. एवढा शहाणा माणूस, आणि एक फोन उचलता येत नाही? एकदा मी बोललेच. म्हणाले, “मीनल, मी शब्द दिलाय. तिने बोलवायला हवं.”

“आणि ती नाही बोलावणार, कारण ती तुमचीच मुलगी आहे.”

“तेच तर,” ते म्हणाले आणि पेन्सिलीला टोक करत बसले.

अशी दोनेक वर्षं गेली असतील. एका सकाळी सरांनी मला जवळ बोलावलं, इकडेतिकडे बघितलं आणि ड्रॉवरमधून घडी घातलेला एक कागद काढला. वर इंग्रजीत लिहिलं होतं, ‘स्कॉटलंड : सांस्कृतिक सहल’. खाली पट्ट्या. म्युझियम, म्युझियम, एडिंबराचा किल्ला, पब, पब.

“सर! केतकीला भेटायला?”

“अजिबात नाही. मी म्युझियम बघायला चाललोय. म्युझियम पब्लिकचं असतं. कुणाच्या बापाचं नसतं.”

“आणि पब? तुम्ही तर ताकसुद्धा वास घेऊन पिता.”

“पबही पब्लिकचाच. नावातच आहे.” चेहरा एकदम गंभीर. “आता तिथे योगायोगाने कुणी ओळखीचं भेटलं, तर मी काय करणार?”

तर असा कावा होता! केतकी सुट्टीच्या दोन दिवशी म्युझियममध्ये काम करायची आणि बाकीच्या संध्याकाळी खर्चासाठी एका पबमध्ये. काकूंच्या फोनवरून एवढं पेपराच्या आड बसून सरांनी टिपलं होतं. तिच्या दारात पाऊल ठेवायचं नाही, पण जिथे ती असेल तिथे गिऱ्हाईक म्हणून जायचं. एडिंबरा आपला मध्ये शोभेला, सहल खरी वाटावी म्हणून. काकूंना त्यांनी देवाची शपथ घातली होती, केतकीला यातलं अक्षर कळता कामा नये. काकूंनी शपथ घेतली, पण बरोबर जायला साफ नकार दिला. म्हणाल्या, “मी आले तर तुम्ही दोघंही माझ्याशीच बोलाल. एकटे जा.”

मग सुरू झाली तयारी. आमचे प्रोजेक्ट मॅनेजर मॅकरे साहेब मूळचे ग्लासगोचे. हा थोरला लालबुंद गडी, मनाने लोणी. त्यांचं इंग्रजी आम्हाला निम्मं कळायचं, पण प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘यल्ला’, म्हणजे अरबीतलं ‘चला’, असायचं, त्यामुळे निदान वाक्य संपलं हे कळायचं. सरांनी त्यांना विचारलं की पबमध्ये वागायची पद्धत काय असते. मॅकरेंनी तिथल्या तिथे आमच्या पॅन्ट्रीत क्लास घेतला. ते काउंटरच्या मागे उभे, खांद्यावर पुसणं, आणि सर गिऱ्हाईक. सर आले आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर जाऊन बसले.

“चूक,” मॅकरे म्हणाले. “तिथे टेबलापाशी कुणी येत नाही. मरेपर्यंत बसून राहाल. स्वतः काउंटरला यायचं.”

सर उठून आले. “रांग कुठे आहे?”

“रांग दिसत नाही, पण असते. आपल्या आधी कोण आलं ते प्रत्येकाने मनात ठेवायचं.”

सरांचे डोळे चमकले. “वा! न छापलेला सीक्वेन्स!” मग त्यांनी छाती पुढे काढून एक लेमोनेड मागितलं आणि मॅकरेंनी त्यांना कूलरचं पाणी दिलं. शेजारच्याशी हवामानावर बोलायचं, कुणी आपल्यासाठी काही घेतलं तर पुढच्या खेपेला आपण त्याच्यासाठी घ्यायचं, आणि चहा मागायचा नाही, हेही शिकवून झालं. शेवटी मॅकरे म्हणाले, “ठोसर, आमच्याकडे दिवसा म्युझियममध्ये दिसतात तीच माणसं संध्याकाळी पबमध्ये दिसतात. घाबरू नका.” सर म्हणाले, “मी कशाला घाबरू?” आणि कूलरच्या पाण्याचे पैसे काढून काउंटरवर ठेवले.

कोट घ्यायला आम्ही शारजाला गेलो, रोल्लाच्या बाजारात. काकूंना कुणीतरी सांगितलं होतं की तिथे गरम कपडे स्वस्त मिळतात. बाहेर घामाच्या धारा आणि सर आरशासमोर गुडघ्यापर्यंतच्या काळ्या लोकरी कोटात. दुकानदार केरळचा होता. म्हणाला, “हबीबी, इधर कोट कोई नहीं लेता. किधर जाना है?”

“म्युझियम देखने.”

“म्युझियम में इतना ठंडा रखता है?”

काकू हसता हसता कपड्यांच्या ढिगावर बसल्या. पण परत येताना गाडीत मागे बसून त्या एकदम गप्प झाल्या. मी विचारलं, काय झालं? तर हळूच म्हणाल्या, “तिने बघून न बघितल्यासारखं केलं तर गं? हा माणूस कोसळेल.” पुढच्या सीटवर सर कोटाची पिशवी मांडीवर घेऊन सरळ समोर बघत बसले होते. त्यांनी ऐकलं की नाही, मला आजही माहीत नाही.

बुधवारी संध्याकाळी काम आटोपून सर निघाले. मोबाइल ड्रॉवरमध्ये ठेवला. “तिथून कुणाला फोन करणार नाही, करू नका,” असं बजावून गेले. प्लॅनची एक प्रत माझ्या टेबलाशेजारच्या बोर्डावर टाचून ठेवली, ‘कुणी विचारलं तर दाखव’ म्हणून. त्यांच्या बॅगेत काकूंचे धपाटे होते आणि अंगात तो राखाडी स्वेटर.

शनिवारी सकाळी ऑफिस उघडलं. मॅकरे हातात कॉफी घेऊन माझ्याकडे आले. “भेटली का त्याला मुलगी?” मी म्हटलं, काही कळलं नाही. ते बोर्डापाशी गेले. बराच वेळ कागद बघत राहिले. मग म्हणाले, “गुरुवार-शुक्रवारी म्युझियम का?”

“कारण ती सुट्टीच्या दिवशी म्युझियममध्ये असते.”

“कुठल्या सुट्टीच्या?”

कपाळ माझं! ग्लासगोत सुट्टी शनिवार-रविवारी. गुरुवार-शुक्रवारी ती दिवसभर कॉलेजात आणि संध्याकाळी पबमध्ये. म्हणजे हा माणूस दोन दिवस म्युझियममध्ये तिची वाट बघत बसला असणार आणि ती तिथे फिरकलीसुद्धा नसणार. आता शनिवार-रविवारी ती म्युझियममध्ये असताना हे एडिंबराला नाहीतर पबमध्ये. आणि सोमवारी सकाळी परतीचं विमान. ज्याने मला ‘आधी कॅलेंडर’ शिकवलं, त्याने स्वतःच्या लेकीला भेटायचा प्लॅन अबुधाबीच्या कॅलेंडरवर केला होता! आणि तो कागद मी पाहिला होता, काकूंनी पाहिला होता. आम्हालाही काही खटकलं नव्हतं. आमच्या सगळ्यांच्याच हाडात शुक्रवार मुरलेला.

मॅकरेंनी मला तिथल्या तिथे सुट्टी दिली. “जा, त्याच्या बायकोला गाठ. यल्ला!”

काकू शाळेत शिकवायच्या. त्यांना मध्येच बाहेर काढून घरी आणलं आणि सांगितलं. आधी त्या खूप हसल्या. हसता हसता रडायला लागल्या. “दोन दिवस तिथे ताटकळला असेल गं. विचारलंही नसेल कुणाला. योगायोग हवा ना त्याला!” मग डोळे पुसून फोनकडे बघत बसल्या. शपथ घेतलेली. सांगावं तर शब्द मोडतो, न सांगावं तर तो तसाच परत येतो. मी म्हटलं, “काकू, देवाला मी समजावते, तुम्ही फोन लावा.”

ग्लासगोत तेव्हा सकाळ होती. केतकीने उचलला. काकूंनी आवाज शक्य तितका सरळ ठेवला. “केतकी, आज संध्याकाळी तू पबमध्ये कुणाच्या तरी जागी जाशील का कामाला?”

“व्हाय?”

“असंच. आईने सांगितलं म्हणून.”

मी काकूंच्या कानाला कान लावून होते. मग केतकीचा आवाज आला, बारीक. “आई, इज ही हिअर?”

काकू काही बोलल्या नाहीत. शपथ पाळायची त्यांची ती पद्धत.

“आई?” मग घाईघाईने, “आय हॅव म्युझियम टुडे. आय ॲम लेट.” आणि फोन बंद झाला.

काकूंनी चहा केला आणि त्यात साखर घालायला विसरल्या. आम्ही दोघींनी तो तसाच प्यायला. रविवारी त्यांनी दिवसभर केतकीचा नंबर फिरवला. फोन वाजत राहायचा, उचलायचं कुणी नाही. सोमवारीही तेच. मी ऑफिसात निळ्या पट्ट्यांकडे बघत बसायचे आणि मॅकरे दर तासाला येऊन न विचारता परत जायचे.

मंगळवारी सकाळी मी निघतच होते तेवढ्यात काकूंचा फोन आला. “ते पहाटे आलेत. आंघोळ करून ऑफिसला गेलेसुद्धा. मी काही सांगणार नाही, त्यांच्या तोंडून ऐक,” एवढं बोलून ठेवला. त्या हसत होत्या की रडत होत्या, आवाजावरून काही ताकास तूर लागेना.

मी धावतच पोचले. सर जागेवर. टेबलावर स्कॉटलंडच्या नानकटाईचा डबा. त्यांनी बोर्डावरचा कागद काढून समोर पसरला होता आणि लाल पेन्सिलीला टोक करत होते.

“सर, तुमचं कॅलेंडर—”

“चुकलं,” ते म्हणाले. “बस. क्रमाने सांगतो.”

आणि त्यांनी गुरुवारच्या निळ्या पट्टीखाली लाल पट्टी ओढायला घेतली. सांगत गेले, रंगवत गेले. गुरुवारी ते म्युझियमचं दार उघडायच्या आधीच पायऱ्यांवर होते. आत गेले. सगळी दालनं फिरले. काळ्या केसांची कुणी पोरगी वळली की हे पटकन समोरच्या काचेत तोंड घालायचे. त्यामुळे भुसा भरलेला हत्ती, जुन्या तलवारी, मातीची भांडी, सगळं इतक्या जवळून पाहिलं की डोळे दुखायला लागले. ती नाही. शुक्रवारी पुन्हा. दुपारी बाहेर थंडीत पायरीवर बसून धपाटा खात होते, तेव्हा तिथला एक म्हातारा पहारेकरी सिगारेट ओढायला आला. विचारलं, कुणाला शोधताय का? सर म्हणाले, छे, म्युझियम बघतोय. आणि त्याला अर्धा धपाटा दिला. तो खाऊन म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मग तो म्हणाला, तुम्ही इंडियाचे ना? या, तुमच्याकडची एक वस्तू दाखवतो.

“शाल होती, मीनल. काश्मीरची. मोठाल्या कोयऱ्यांची. कुठल्या तरी गोऱ्या बाईने दीडदोनशे वर्षांपूर्वी पांघरलेली. म्हातारा म्हणाला, ही आली तेव्हा मध्ये एवढं भोक होतं, उंदरांनी खाल्लेलं. कुणी हात लावायला तयार नाही. मग आमच्याकडची एक शिकाऊ पोरगी होती, इंडियन, ती उन्हाळाभर त्याच्यावर वाकून बसली होती.” सरांनी चष्मा काढला. “नाव नाही लिहिलेलं कुठे. पण मी काय ओळखणार नाही? लहानपणी गोधडीचा दोरा उसवला तरी रडायची ती.”

“मग?”

“मग काय, मी भोक शोधत बसलो. म्युझियम बंद होईपर्यंत. कुठे टाका घातलाय, कुठे जोड आहे, काही सापडेना. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधून पोट भरलं. आणि तिचा एक टाका मला सापडला नाही.” त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. “चिंध्या म्हणालो होतो मी.”

मी त्यांचा चष्मा पुसून पुढे केला.

शनिवारी ते शिस्तीत एडिंबराला गेले, किल्ल्यात काय पाहिलं ते काही त्यांना आठवत नव्हतं. संध्याकाळी ग्लासगोला पबमध्ये. न दिसणारी रांग पाळली. लेमोनेड घेतलं. काउंटरमागे केतकी नव्हती. शेजारच्याशी पावसावर बोलून झालं. त्याने यांच्यासाठी लेमोनेड घेतलं, यांनी त्याच्यासाठी काहीबाही घेतलं. वेळ चालला होता. लोकरी कोट अंगात तसाच, कारण कोट काढला तर थांबायचं ठरलं असं होईल, असं त्यांना वाटत होतं. आणि मग दार उघडलं. काउंटरच्या मागचं नव्हे, गिऱ्हाइकांचं. केतकी आत आली. गळ्यात म्युझियमचा बिल्ला होता. पावसाने भिजलेली. पहारेकऱ्याने तिला सकाळीच गाठून सांगितलं होतं की स्वेटर घातलेला एक गृहस्थ काल संध्याकाळपर्यंत तुझ्या शालीसमोर उभा होता, आणि त्याच्याकडे काहीतरी फार तिखट होतं.

“ती समोर येऊन उभी राहिली. म्हणाली, ‘बाबा, यू यूज्ड द राँग कॅलेंडर.’”

“आणि तुम्ही?”

“मी म्हटलं, शाल पाहिली. टाका सापडला नाही.”

“मग ती?”

“ती माझं लेमोनेड उचलून निम्मं प्याली. मग म्हणाली, ‘घरी चला.’ मीनल, मराठीत म्हणाली.”

इतकं सांगून त्यांनी रविवारच्या चौकटीत पेन्सिल टेकवली. तिथे निळ्या रंगात ‘पब’ लिहिलं होतं. त्याखाली त्यांनी काही काढलं नाही. थोडी खाली, जिथे निळी पट्टीच नव्हती अशा कोऱ्या जागेत, त्यांनी शनिवार रात्रीपासून सोमवार सकाळपर्यंत एक लांब लाल पट्टी ओढली आणि पुढे लिहिलं, ‘केतकीचं घर’. दाबून दाबून रंगवली. शिसं मोडलं. मॅकरे दारात उभे होते, त्यांना मराठी येत नव्हतं, पण पट्टी वाचता येत होती. त्यांनी नानकटाईचा डबा उघडला आणि तोंडात एकदम दोन कोंबल्या.

काकूंचा फोन कुणी का उचलत नव्हतं, तेही कळलं. बापलेक बहुतेक वेळ बाहेरच. रविवारी तिने त्यांना पुन्हा म्युझियम दाखवलं, या खेपेला तिच्या पद्धतीने. सोमवारी विमानापर्यंत पोचवायला आली. घरात असताना फोन वाजायचा तो आईचाच, हे दोघांना कळत होतं म्हणे. पण आधी आपापसांत बोलून घेऊ, असं ठरवलं त्यांनी. काकूंनी त्याबद्दल दोघांनाही पुढे कित्येक महिने ऐकवलं.

त्यानंतर शुक्रवारी सकाळी फोन सर लावायचे. काकू पेपर घेऊन बसायच्या आणि मोठ्याने म्हणायच्या, “मलाही द्या की जरा!”

तीनेक वर्षांनी सरांनी नोकरी सोडली. पुण्याला कायमचं जाण्याआधी दोघं आधी ग्लासगोला निघाले होते, केतकीला तिथल्याच म्युझियममध्ये पक्की नोकरी लागली होती. मी आणि माझा नवरा अबुधाबी एअरपोर्टवर पोचवायला गेलो. सरांच्या हातावर तो रोल्लाचा काळा कोट, अंगात तोच राखाडी स्वेटर. आता तरी तो योग्य हवेत चालला होता. मी सवयीने विचारलं, “सर, प्लॅन कुठाय? बघू तरी.”

त्यांनी खिसे चाचपले. मग हसले, चष्मा घसरला, आणि पेन्सिल नव्हती म्हणून बोटाने वर केला.

“माझ्याकडे नाही. केतकीने केलाय.”

“कॅलेंडर तपासलंत ना?”

“तिने तपासलंय,” ते म्हणाले. काकूंनी त्यांना दंडाला धरून योग्य रांगेकडे वळवलं, कारण ते बोलता बोलता भलत्याच रांगेत जाऊन उभे राहिले होते.